ऐरणीवर आधी कोण? : ‘ड्रॅगन एज’मधील जात आणि खेळणाऱ्यांचे कौल

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या एका खेळाची समीक्षा ह्या पृष्ठांवर कशासाठी, असा प्रश्न काही वाचक करतील. तो करायलाही हवा. कविता, आत्मकथन, नाटक, जलसा ह्यांची चिकित्सा आपण करीत आलो, कारण ज्या कलाकृतीतून माणूस माणसाकडे पाहायला शिकतो तिला जाब विचारला पाहिजे, अशी आपली भूमिका राहिली. माझ्या वर्गातली मुले कादंबरीच्या वाटेला आता क्वचित जातात. पण पन्नास-साठ तास चालणारी, राजे, बंड, विश्वासघात आणि जातही असलेली एक प्रदीर्घ कथा ती रात्री जागून खेळतात आणि तिच्यावरून भांडतात. त्या भांडणात मला जे ऐकू आले ते मराठी साहित्याच्या चर्चासत्रांत सहसा ऐकू येत नाही. म्हणून हा लेख.

स्थळ भोकरदन. दुकान असे की जिथे दिवसभर जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे आणि जात पडताळणीचे अर्ज भरले जातात. संध्याकाळी गर्दी ओसरली की ओळखीची चार-सहा मुले त्याच संगणकावर खेळ लावतात. खेळ इंग्रजीत आहे. ज्याचे इंग्रजी त्यातल्या त्यात बरे तो पडद्यावरचे संवाद वाचून मराठीत सांगतो आणि काय उत्तर द्यायचे ते बाकीचे ठरवतात. वस्तीत एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि दहा जणांनी ऐकायचे, ही आमच्या वडिलांच्या पिढीची रीत होती. तिचेच हे नवे रूप म्हणायला हरकत नाही. मी आधी नुसता पाहत उभा राहिलो, मग खुर्ची ओढून बसलो, आणि पुढे सुट्टीत घरच्या जुन्या लॅपटॉपवर तो खेळ दोनदा पूर्ण केला.

खेळाचे नाव ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’. कॅनडातल्या एडमंटन शहरातील बायोवेअर ह्या कंपनीने तो २००९ साली आणला. ह्याच कंपनीचा १९९८ सालचा ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ जुन्या धाटणीच्या भूमिका-खेळांचा आदर्श मानला जातो, आणि त्याचा वारसा चालवण्याच्या हेतूनेच हा नवा खेळ रचला गेला. जुनी धाटणी म्हणजे काय, तर आपण एक पात्र घडवायचे, तीन सोबती घ्यायचे, लढाई मध्येच थांबवून प्रत्येकाला हुकूम द्यायचे, आणि पानेच्या पाने संवाद वाचून निर्णय करायचे. २०११ सालचा दुसरा भाग लढाईच्या बाबतीत घाईचा झाला, अशी जुन्या खेळाडूंची तक्रार राहिली आणि म्हणून ते पुन्हा पुन्हा पहिल्याकडे वळतात. त्या वादात मला फारसा रस नाही. मला रस आहे तो जमिनीखालच्या एका शहरात.

त्या शहराचे नाव ऑर्झमार. तिथे ड्वार्फ म्हणजे बुटक्या लोकांचे राज्य आहे. वर सरदार, मग योद्धे, लोहार, कारागीर, खाणकामगार, व्यापारी, सेवक अशा जाती. जात जन्माने मिळते. मुलगा बापाची घेतो, मुलगी आईची. कोणी धंदा बदलू शकत नाही. जो भूमीवर, उजेडात निघून जातो त्याची जात जाते. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यायला लावणाऱ्या आपल्याकडच्या शास्त्र्यांची इथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आणि ह्या सगळ्यांच्या खाली, किंबहुना बाहेर, ‘कास्टलेस’ आहेत. जन्मतःच त्यांच्या चेहऱ्यावर डाग गोंदला जातो. कोणत्याही जातीचे काम त्यांनी करायचे नाही. त्यांची वस्ती डस्ट टाऊन, धुळीची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शहराच्या दप्तरखान्यात, जिथे प्रत्येक घराण्याची वंशावळ जपली जाते, तिथे त्यांची नोंद नाही. त्या दप्तराला खेळात ‘मेमरीज’ असा शब्द आहे. आमच्या वाचकाने पहिल्या दिवशी त्याचे भाषांतर ‘आठवणी’ असे केले. मागे उभा असलेला एक मुलगा म्हणाला, “आठवणी नाही रे, स्मृती म्हण.” सगळे हसले. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी काय जाळले गेले हे ह्या मुलांना ठाऊक आहे. कॅनडातल्या लेखकाच्या ध्यानीमनी नसलेला अर्थ मराठीत येताच असा उघडा पडला.

नोंद नसणे म्हणजे काय हे त्या दुकानात समजावून सांगावे लागत नाही. अनुसूचित जातीच्या मुलाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांच्या मुलाला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. ज्यांचे आजोबा गावोगाव फिरत होते, ज्यांनी शाळेचा उंबरा पाहिला नाही, त्यांनी तो कुठून आणायचा? हक्क देण्यासाठीच पुरावा मागितला जातो, हा फरक मला मान्य आहे. तरीपण ज्याला दप्तराने कधी माणूस म्हणून टिपलेच नाही त्याच्याकडेच दप्तराचा उतारा मागितला जातो, हेही खरेच. जाता जाता एक गोष्ट. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत ह्या गावच्या माणसांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी केळना नदीच्या काठावरून गेलेल्या माणसांची नावे त्या बौद्ध दगडाने सांभाळली, आणि त्याच गावात आज पणजोबांचे नाव कुठल्याच कागदावर नाही म्हणून मुलगा अडून बसतो.

‘कास्टलेस’ला मराठी शब्द कोणता, ह्यावर एक संध्याकाळ गेली. ‘जातिहीन’ म्हटले तर शिवी वाटते. ‘अवर्ण’ पुस्तकी आहे. शेवटी ‘बहिष्कृत’ हा शब्द ठरला, आणि तोच बरोबर आहे. ‘बहिष्कृत भारत’ हे नाव बाबासाहेबांनी १९२७ साली पाक्षिकाला दिले तेव्हा त्यात कर्तृत्व कोणाचे आहे हे स्पष्ट होते : कोणीतरी बाहेर काढले आहे. इंग्रजी शब्दात काढणारा दिसत नाही. शिवाय आपल्याकडे त्या शब्दाचा उलटा उपयोगही रूढ झाला आहे. समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे ह्यांनी २०१३ सालच्या एका निबंधात दाखवून दिले की ज्याला जातीचे सर्व फायदे मिळून गेले तो उच्चवर्णीय आज स्वतःला जात नसलेला समजतो, आणि जात उरते ती फक्त खालच्यांना चिकटलेली. ऑर्झमारमध्ये ज्याला जात नाही तो गटारात. पुण्यात ज्याला जात नाही तो सदाशिव पेठेत. हा विनोद माझा नव्हे, एका विद्यार्थ्याचा आहे.

आता खेळाच्या यंत्रणेकडे येऊ. जुन्या भूमिका-खेळांचे मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या कागद आणि फाशांच्या खेळात आहे. त्यात आधी वंश निवडायचा आणि वंशावरून अंगचे गुण ठरायचे. कोणता वंश कोणता पेशा करू शकेल ह्यालाही पूर्वी बंधन असे. ‘पॅलाडिन’ हा धर्मवीर बराच काळ फक्त मनुष्यवंशाचाच होऊ शकत होता. गुणकर्मविभागाचे असे निर्लज्ज गणित मनूलाही मांडता आले नाही. (त्या खेळाच्या २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्द काढून टाकला आहे, पन्नास वर्षे लागली.) ‘ड्रॅगन एज’ने हा वारसा अर्धा ठेवला आणि अर्धा मोडला, हे खेळाडूंच्या नजरेतून बहुधा सुटते. ड्वार्फाला जादू येतच नाही. ते रक्तातच नाही म्हणे. इथे जन्म म्हणजे गुण हा जुना नियम कायम आहे. पण ड्वार्फ राजपुत्र आणि ड्वार्फ बहिष्कृत ह्या दोघांना वंशामुळे मिळणारे बळाचे, चपळाईचे, काटकपणाचे आकडे मात्र अगदी सारखे आहेत. दोघांच्या शरीरात कणभर फरक नाही. जो फरक आहे तो पहारेकऱ्याच्या तोंडात, दुकानदाराच्या नजरेत आणि गालावरच्या गोंदणात. जात ही शरीरात नसून व्यवहारात असते, हा सिद्धान्त भाषणाने न सांगता आकड्यांनी सांगितलेला मी प्रथमच पाहिला. त्याबद्दल ह्या खेळाला दाद द्यावी लागेल.

खेळाची सुरुवात सहापैकी एका जन्मापासून करता येते. त्यातला बहिष्कृताचा जन्म घेतला तर आपण बेराट नावाच्या गुंडाचे हस्तक असतो. त्याने पैसा लावलेला योद्धा एव्हर्ड दारू पिऊन पडतो, तेव्हा त्याचे चिलखत घालून आपण योद्ध्यांच्या पवित्र आखाड्यात उतरतो आणि जातिवंतांना हरवतो. मग खरा एव्हर्ड झोकांड्या खात येतो, शिरस्त्राण काढावे लागते, गालावरचा डाग दिसतो. आणि क्षणापूर्वी ज्याचा जयजयकार चालला होता त्याची रवानगी तुरुंगात. गुन्हा कोणता? जिंकला हाच. आमच्या मंडळींना इथे कर्ण आठवला, तो आठवणारच. पण कर्णाच्या कथेत एक खोट आहे. तो शेवटी क्षत्राणीचाच पुत्र निघतो. त्याचे शौर्य अखेर कुळाच्या खात्यावर जमा होते. ब्रोस्का ह्या आडनावाचा हा बहिष्कृत कोणाचाही लपवलेला मुलगा निघत नाही. आई दारुडी आहे, ती शेवटपर्यंत तशीच राहते. ह्या एका बाबतीत कॅनडातला लेखक व्यासांच्या पुढे गेला.

बहीण रीका हिचे प्रकरण अधिक कठीण आहे. गुंडाच्या पैशाने तिला नटवून, बोलणे-चालणे शिकवून सरदारांपुढे उभे केले जाते. तिला एखाद्या सरदारापासून मुलगा झाला तर तो मुलगा बापाच्या जातीत जाईल आणि मुलाबरोबर आई, तिचे माहेरही वर उचलले जाईल. स्त्रीचे शरीर हीच त्या वस्तीला उपलब्ध असलेली एकमेव शिडी. खेळणाऱ्या मुलांनी ह्याला ‘नशीब काढले’ म्हटले. चर्चेत बसलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले की ह्या साऱ्यात रीकाला काय हवे आहे हे तुमच्यापैकी कोणी विचारले का? कोणी विचारले नव्हते. मीही नाही. आणि आपल्याकडचे वास्तव ह्याहून निर्दय आहे, हेही सांगितले पाहिजे. शरणकुमार लिंबाळे ह्यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. पाटलापासून झालेल्या मुलाला तिथे बापाची जात मिळत नाही, नाव मिळत नाही, आईलाही वाडा मिळत नाही. ऑर्झमारचा नियम निदान पाळला तरी जातो. खेळातच पुढे झर्लिंडा भेटते. ही खाणकामगार जातीची मुलगी बहिष्कृत पुरुषापासून आई झाली. मूल मुलगा आहे, म्हणून बहिष्कृत. बाळाला बाहेरच्या अंधाऱ्या बोगद्यांत टाकून ये, मग घरात घेतो, असे तिच्या घरचे सांगतात. खेळाडूने तिला बाळ टाकायला लावावे, बापाची समजूत घालावी, की जात सोडून उजेडात जायला सांगावे? ह्या छोट्या प्रसंगावर खेळाडू फार बोलत नाहीत. त्यातून तलवार मिळत नाही. मला मात्र सबंध खेळात तोच सर्वांत जास्त लागला.

आणि आता मुख्य वाद. राजा मेला आहे. गादीवर हक्क सांगणारे दोन. एक बेलेन, मेलेल्या राजाचा धाकटा मुलगा. त्याने थोरल्या भावाचा खून घडवला आणि आळ दुसऱ्या भावंडावर घातला. दुसरा हॅरोमाँट, वयस्क, सभ्य, शब्दाला जागणारा सरदार; मरत्या राजाने बेलेनला गादी मिळू देऊ नकोस, असे त्याला सांगितले होते म्हणतात. मुकुट कोणाच्या डोक्यावर ठेवायचा हे खेळाडूने ठरवायचे. ह्या निवडीवर खेळणाऱ्यांत आजही एकमत नाही.

आमच्या दुकानातला कौल असा पडला. ज्यांनी राजपुत्राचा जन्म घेऊन खेळ सुरू केला, ते बेलेनचे नाव काढताच खवळायचे. साहजिक आहे, त्या जन्मात आळ आलेले भावंड ते स्वतःच असतात. ज्यांनी बहिष्कृताचा जन्म घेतला त्यांच्या बाबतीत बेलेनच्या वाड्यात त्यांची बहीण रीका आहे, तिच्या कडेवर भाचा आहे. ते बेलेनकडे झुकायचे. आणि ज्यांनी मनुष्य किंवा एल्फ होऊन, बाहेरचा पाहुणा म्हणून ह्या शहरात पाय ठेवला त्यांना हॅरोमाँट आवडायचा, कारण तो चांगला माणूस आहे. तोच राजा, तीच गादी, तोच खेळाडूही. एकाच मुलाने तीन वेळा खेळून तीन कौल दिले. न्याय-अन्यायाची आपली मते कोठून येतात ह्याचा एवढा स्वच्छ प्रयोग मला कोणत्याही पाठ्यपुस्तकातून वर्गात करता आला नसता.

माझा स्वतःचा कौल सांगितला पाहिजे. पहिल्या वेळी मी मनुष्य सरदाराचा जन्म घेतला होता आणि मुकुट हॅरोमाँटला दिला. का दिला, ह्याचा नंतर खूप विचार केला. आमच्या गावात एक गृहस्थ होते. माझ्या वडिलांना ‘या, बसा’ म्हणणारे ते गावातले एकटेच. मी दहावी झालो तेव्हा त्यांनी मला त्यांच्या मुलाची जुनी पुस्तके दिली, ती मी अजून ठेवली आहेत. पुढे वस्तीच्या स्मशानभूमीच्या रस्त्याचा प्रश्न ग्रामसभेत आला. रस्ता त्यांच्या बांधावरून जात होता. आवाज न चढवता, कोणाला वाईट न बोलता, ते म्हणाले की पूर्वापार चालत आलेले एकदम बदलू नये, हळूहळू होईल. त्या पावसाळ्यात आम्ही प्रेत ओढ्यातून नेले. मला त्या गृहस्थांचा राग धरता आला नाही. आजही नीट धरता येत नाही. हॅरोमाँट पडद्यावर आला तेव्हा त्याच्या बोलण्यातले मार्दव मला ओळखीचे वाटले आणि मी मुकुट त्याच्या हाती दिला. पहिल्या पिढीचा पदवीधर गोड शब्दाला किती स्वस्तात विकला जातो, हे मला एका खेळाने दाखवले.

कारण शेवटी काय होते? खेळ संपल्यावर पुढचा इतिहास थोडक्यात सांगितला जातो. हॅरोमाँट राजा झाला तर तो परंपरा जपतो, शहराची दारे बाहेरच्या जगाला बंद करतो, बहिष्कृतांवरची बंधने आणखी आवळतो, आणि ते उठाव करतात तेव्हा तो निर्घृणपणे चिरडला जातो. बेलेन राजा झाला तर व्यापार खुला होतो, बहिष्कृतांना हत्यार धरून शत्रूशी लढण्याच्या बदल्यात नवी मोकळीक मिळते, जातींची बंधने सैल पडतात. सरदारांच्या सभेशी त्याचे जमत नाही; तो ती सभाच बरखास्त करतो आणि एकटा राज्य करतो. सभ्य माणसाला निवडून पस्तावलेले खेळाडू पुष्कळ आहेत. खुनी भावाला निवडून समाधानी झालेलेही आहेत. इथे चर्चा पुष्कळदा थांबते : वाईट माणूस पण चांगला राजा, चांगला माणूस पण वाईट राजा. मला हे पुरेसे वाटत नाही.

कोणाच्या दृष्टीने चांगला, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. डस्ट टाऊनमधल्या माणसाला हॅरोमाँटच्या सज्जनपणाचा अनुभव कधी येतच नाही; तो सज्जनपणा वरच्या मजल्यावर खर्च होतो. पण म्हणून बेलेन आपला, असे म्हणून मोकळे होता येईल का? आपल्याकडे राजाच्या हुकमाने झालेल्या सुधारणेचे मोठे उदाहरण आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, तेव्हा कोणत्या सभेची संमती घेतली नव्हती. घेतली असती तर मिळालीही नसती. बेलेनशी त्यांची तुलना कोणी करू नये. महाराजांनी भावाचा खून केला नाही, आणि त्यांनी बहिष्कृतांना तलवारीच्या बदल्यात माणूसपण दिले नाही, शाळा आणि वसतिगृहे दिली. बेलेनचा सौदा हा साम्राज्याचा सौदा आहे. लढाईला माणसे हवी असतात तेव्हा महार चालतो, नको असतात तेव्हा तो अस्पृश्य होतो. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली आणि महायुद्ध पेटल्यावर १९४१ साली महार रेजिमेंट उभी केली. शत्रू हटल्यावर बेलेनची मोकळीक टिकेल काय, ह्याचे उत्तर खेळ देत नाही.

बाबासाहेबांचा वाचक इथे खऱ्या पेचात सापडतो. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न शकलेल्या भाषणात त्यांनी सामाजिक सुधारणेला बगल देणाऱ्या राजकीय सुधारकांना झोडपले. त्या दृष्टीने सरदारांच्या सभेला काय किंमत? ज्या सभेत डस्ट टाऊनचा एकही माणूस बसू शकत नाही ती बरखास्त झाली तर बहिष्कृताने का रडावे? पण त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले की आपले स्वातंत्र्य एखाद्या थोर पुरुषाच्या पायाशी ठेवू नका, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. बेलेनला निवडणारा खेळाडू १९३६ चे भाषण वाचतो आणि १९४९ चे विसरतो. बेलेनला नाकारताना लोकशाहीचे नाव घेणारा १९४९ चे वाचतो आणि १९३६ चे विसरतो. दुकानात ह्या मुद्द्यावर मी बोललो तेव्हा एक मुलगा म्हणाला, “सर, पण तिथे तिसरे बटणच नाही.”

तिसरे बटण नाही, हाच ह्या खेळावरचा माझा मुख्य आक्षेप आहे. बहिष्कृतांची संघटना ह्या खेळात एकच : गुन्हेगारांची टोळी. बेराटनंतर तिची सूत्रे जार्व्हिया ह्या बाईकडे जातात. आणि गंमत पाहा, बेलेनला पाठिंबा द्या की हॅरोमाँटला, डस्ट टाऊनमध्ये जाऊन जार्व्हियाची टोळी मोडणे हे काम दोघेही सांगतात. सनातनी आणि सुधारक ह्यांचे एका बाबतीत एकमत आहे. बहिष्कृत खेळाडूला तर तिथे स्वतःच्या जुन्या मित्रावर, लेस्केवर, शस्त्र उगारावे लागते. ‘ग्रे वॉर्डन’ नावाच्या लढवय्यांच्या पथकात भरती होऊन तो वस्तीबाहेर पडलेला असतो. आता वस्तीत परततो तो पोलिसासारखा. गावातून शिकून गेलेल्या, साहेब झालेल्या आपल्या भावांनी हा प्रसंग जरूर खेळावा. डस्ट टाऊनमध्ये वाचनालय नाही, जलसा नाही, सभा नाही, तळ्याकडे चालत निघालेला जमाव नाही. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्यावर जे घडले त्याची कल्पनाच ह्या लेखकांना करता आली नाही, कारण त्यांच्या परंपरेतला नायक एकटा असतो. धर्मांतराचा प्रश्नसुद्धा येतो तो एक किरकोळ काम म्हणून : बर्केल नावाचा साधू शहरात प्रार्थनामंदिर उघडायची परवानगी मिळवून द्या म्हणतो, खेळाडू दप्तरखान्यात जाऊन बोलणी करतो, थोडे गुण मिळतात. १९५६ नंतर महाराष्ट्रात जन्मलेल्याला हे वाचून हसावे की रडावे कळत नाही. अपमान कसा असतो हे ह्या लेखकांना बरोबर कळले. अपमानित माणसे एकत्र येऊन काय करतात हे कळले नाही.

तरीही एक प्रसंग असा आहे की तेवढ्यासाठी मी ह्या खेळाला बऱ्याच चुका माफ करीन. पाताळातल्या बोगद्यांत खूप भटकल्यावर (हा भाग कंटाळवाणा आहे ह्याविषयी मात्र सर्व खेळाडूंचे एकमत) आपण एका ऐरणीपाशी पोहोचतो. कॅरिडिन नावाच्या महान लोहाराने ती घडवली. तिच्यावर जिवंत माणसाला ठोकून त्याचा दगड-लोखंडाचा अजिंक्य सैनिक बनवता येतो. सुरुवातीला माणसे स्वेच्छेने आली. मग राजा व्हाल्टॉरला आणखी हवी झाली, तेव्हा त्याने जबरीने माणसे पाठवायला सुरुवात केली : बहिष्कृत, गुन्हेगार आणि राजाचे विरोधक. हा सर्व वृत्तान्त स्वतःच दगड झालेला कॅरिडिन सांगतो आणि ऐरण फोडा म्हणून विनवतो. समोर ब्रँका उभी आहे, लोहार जातीत जन्मून कर्तृत्वाने पूज्यपद मिळवलेली. ती म्हणते ऐरण ठेवा, युद्ध जिंकायचे आहे. जी स्वतः वर चढली तिलाच ऐरण हवी आहे, हे लेखकाने मोठ्या निष्ठुर समजुतीने रचले आहे.

ऐरण ठेवली तर अखेरच्या लढाईत दगडी सैनिक मदतीला मिळतात. म्हणून काही खेळाडू ती ठेवतात. जग वाचवायचे तर थोडी किंमत मोजावी लागते, असे त्यांचे म्हणणे. आमच्याकडेही दोघांनी ठेवली. मी त्यांना एवढेच विचारले की ऐरणीवर आधी कोण जाईल, ह्याची यादी कोणाकडे आहे. त्यांनी पडद्याकडे पाहिले. दुकानाच्या भिंतीवर दाखल्यांसाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी चिकटवलेली होती, तिच्याकडे पाहून तिसराच एक जण हसला.

एक मुलगा मात्र नेहमी राजपुत्राचाच जन्म घ्यायचा. तो राहतो नदीकडच्या वस्तीत, वडील ऊसतोडीला जातात. बहिष्कृताचा जन्म एकदा तरी घेऊन पाहा, असे मी त्याला दोन-तीनदा सुचवले. समीक्षक म्हणून मला वाटायचे की त्याने स्वतःला ओळखावे. तो म्हणाला, “सर, ते तर घरी आहेच. चार तास मिळतात, त्यात कशाला?” माझ्याकडे उत्तर नव्हते. खेळाविषयी मी ऐकलेल्या सगळ्या मतांत हे एकच मत मला अजून खोडून काढता आलेले नाही, आणि मी ते वर्गात कोणाला सांगितलेही नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो ऊसतोडीवरून आला, तेव्हा आपल्या आपण त्याने डस्ट टाऊनमधून खेळ सुरू केला. रीका बोलत होती, तो वाचत होता, कोणालाच मराठी करून सांगत नव्हता. आखाड्यात शिरस्त्राण काढायच्या आधीच वीज गेली. खेळ जतन केलेला नव्हता. दुकानदाराने शटर अर्धे ओढले, तरी तो खुर्चीवरून उठला नाही.